लाटांचा स्वार ड्यूक काहानामोकु

समुद्राच्या कांठीं राहणाऱ्या माणसाला समुद्र हा अन्नदाताहि असतो आणि भयस्थानहि असतो. आपल्या कोंकणपट्टींतील कोळी पहांटे होडी लोटतो, तेव्हां लाटा जेथें फुटतात तो पट्टा ओलांडून पलीकडच्या संथ पाण्यांत केव्हां जातों, असें त्याला होऊन जातें. कारण होडी उलटते ती बहुधा त्या पट्ट्यांतच. परंतु ह्याच पृथ्वीच्या पाठीवर असा एक समाज आहे कीं, ज्यानें त्या फुटत्या लाटेलाच आपलें क्रीडांगण केलें, तिच्यावर लांकडी फळी टाकून त्या फळीवर उभें राहण्याची विद्या शेंकडों वर्षें जोपासली, आणि ती विद्या लुप्त होण्याच्या बेतांत असतां आपल्या एका पुत्राच्या हातून ती साऱ्या जगाला दिली. त्या पुत्राचें नांव ड्यूक काहानामोकु. त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं आणि त्यांच्या वडील मंडळींनींहि वाचण्यासारखें आहे. कारण त्यांत शौर्य आहे, यश आहे, आणि यशाहूनहि कठीण अशी जी यशानंतरची वागणूक, तिचाहि धडा आहे.

प्रशांत महासागराच्या मध्यभागीं, मुंबईच्याच आगेमागें असणाऱ्या अक्षांशांवर, हवाई नांवाची बेटांची एक ओळ आहे. ज्वालामुखी पर्वतांनीं समुद्राच्या तळापासून वर उचललेलीं हीं बेटें इतकीं एकाकी आहेत कीं, त्यांतील होनोलुलु बंदरापासून अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को शहर सुमारें २,४०० मैल दूर पडतें. हातीं होकायंत्र नसतां, केवळ तारे, वारे, पक्षी आणि लाटांची दिशा ह्यांच्या आधारानें जोडहोड्यांतून आलेले पॉलिनेशियन लोक तेथें वसले. १८१० सालीं कामेहामेहा नांवाच्या पराक्रमी राजानें सर्व बेटें एका छत्राखालीं आणिलीं, आणि पुढें ऐंशींहून अधिक वर्षें तेथें स्वतंत्र राज्य नांदलें.

ह्या लोकांचा आवडता खेळ म्हणजे लाटेवर स्वार होणें. त्याला इंग्रजींत सर्फिंग म्हणतात. हवाईच्या भाषेंत त्याला 'हेए नालु', म्हणजे लाटेवरून घसरणें, असें नांव आहे. आपण त्याला लाटस्वारी म्हणूं. ही लाटस्वारी साधते कशी, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

जोंधळ्याच्या उभ्या शेतावरून वाऱ्याची झुळूक गेली म्हणजे ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत एक लाट धांवत गेलेली दिसते. पण कणसें कांहीं जागा सोडून जात नाहींत. तीं नुसतीं वांकतात आणि पुन्हां उभीं राहतात. समुद्राचेंहि तसेंच आहे. हजारों मैलांवर वादळ होतें, वारा पाण्याला ढकलतो, आणि त्या धक्क्याची शक्ति लाटेच्या रूपानें दूरवर प्रवास करिते. पाणी मात्र बहुतांशीं जागच्या जागीं गोल गोल फिरत राहतें. हवाईच्या दक्षिण किनाऱ्यावर उन्हाळ्यांत ज्या लाटा येतात, त्या विषुववृत्तापलीकडे, दक्षिण गोलार्धांतील हिवाळ्याच्या वादळांत जन्मलेल्या असतात. अशी लाट उथळ पाण्यांत आली म्हणजे तळ तिला अडवूं लागतो. तिची गति कमी होते, उंची वाढते, आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली म्हणजे तिचा माथा पुढें झुकून कोसळतो. हेंच लाट फुटणें होय.

तळ एकाएकीं उथळ झालेला असेल तर लाट धाडकन् आपटते. परंतु होनोलुलुजवळच्या वाइकीकी नांवाच्या पुळणीसमोर समुद्राच्या तळाशीं पोंवळ्यांचे खडक हळूहळू चढत आलेले आहेत. तेथें लाट सावकाश फुटते आणि दूरवर धांवते. लाटस्वार आपल्या फळीवर पालथा पडून हातांनीं पाणी मारीत खोल पाण्यांत जातो, योग्य लाट येतांच तोंड किनाऱ्याकडे वळवितो, आणि सारें बळ एकवटून तिच्या गतीशीं आपली गति जुळवितो. लाटेनें फळीचा मागचा भाग उचलला कीं फळी उतारावरून खालीं घसरूं लागते. मुलें घसरगुंडीवरून घसरतात तसाच हा प्रकार. भेद इतकाच कीं, येथें घसरगुंडी स्वतःच पुढें पळत असते, आणि म्हणून लाट संपेतों उतार संपत नाहीं. मग स्वार उभा राहतो, पायांच्या दाबानें फळी तिरकी वळवितो, आणि फुटत्या फेंसाच्या अगदीं पुढें राहून किनारा गांठतो. ह्यांत बळापेक्षां नजर मोठी, आणि घाईपेक्षां थांबण्याची कला मोठी.

हवाईंत हा खेळ राजापासून प्रजेपर्यंत सर्वांचा होता. स्त्रियाहि त्यांत पुरुषांच्या बरोबरीनें निपुण असत. मोठमोठ्या सरदारांसाठीं 'ओलो' नांवाच्या लांब व जाड फळ्या असत, तर सामान्य जनांसाठीं 'अलाइया' नांवाच्या पातळ फळ्या असत. कॅप्टन कुक ह्याच्या जहाजांबरोबर आलेल्या जेम्स किंग नांवाच्या अधिकाऱ्यानें १७७९ सालीं ह्या खेळाचें वर्णन लिहून ठेविलें. जेथें आपले खलाशी बुडतील अशी त्याला धास्ती वाटे, तेथें हे लोक हंसत खेळत होते, ह्याचें त्याला मोठें नवल वाटलें.

परंतु बाहेरच्या जगाशीं झालेली ही भेट हवाईवासीयांस फार महाग पडली. परकीय जहाजांबरोबर देवी, गोंवर आदिकरून रोग आले, आणि पूर्वीं त्यांचा संसर्ग नसल्यामुळें लोकांच्या अंगीं त्यांना तोंड देण्याची शक्ति नव्हती. कुकच्या काळीं तेथील लोकसंख्या बहुतेक अभ्यासकांच्या मतें दोन लाखांहून अधिक होती. १८९० च्या शिरगणतींत मूळचे हवाईवासी, मिश्र वंशाचे धरूनहि, सुमारें ४० हजारच उरले होते. १८२० सालीं अमेरिकेहून तेथें मिशनरी गेले. त्यांनीं हवाईच्या भाषेला लेखी रूप दिलें, छापखाना नेला, शाळा काढल्या. त्याचबरोबर, लाटस्वारीच्या निमित्तानें चालणाऱ्या पैजा आणि स्त्रीपुरुषांचें उघड्या अंगानें एकत्र खेळणें ह्यांवर त्यांच्यापैकीं अनेकांनीं कडक टीका केली, हेंहि खरें आहे. एक ना अनेक कारणांनीं खेळ मंदावला. जेथें खेळणारेच मृत्युमुखीं पडले, तेथें खेळ कोण खेळणार? एकोणिसावें शतक संपतां संपतां वाइकीकीसारख्या थोड्या ठिकाणींच ही विद्या जीव धरून होती.

अशा पडत्या काळांत, २४ ऑगस्ट १८९० रोजीं, होनोलुलु येथें ड्यूकचा जन्म झाला. 'ड्यूक' ही इंग्रजींत सरदारकीची पदवी असल्यामुळें तो कोणी राजपुरुष असावा असा पुष्कळांचा समज होई. वस्तुतः तें त्याचें नांवच होतें. १८६९ सालीं व्हिक्टोरिया राणीचा पुत्र, एडिंबरोचा ड्यूक, हवाई बेटांस भेट देण्यास आला होता. त्या प्रसंगाची आठवण म्हणून त्या सुमारास जन्मलेल्या एका बालकाचें नांव ड्यूक ठेवण्यांत आलें. तें बालक म्हणजे आपल्या चरित्रनायकाचा पिता. पुढें त्यानें तेंच नांव आपल्या वडील मुलास दिलें. पिता पोलिस खात्यांत नोकरीस होता. घरांत सहा भाऊ आणि तीन बहिणी. ड्यूक सर्वांत थोरला.

तो अवघा अडीच वर्षांचा असतां, जानेवारी १८९३ मध्यें, परदेशीय व्यापारी व मळेवाले ह्यांच्या पक्षानें अमेरिकन सैनिकांच्या पाठबळावर लिलिउओकलानी राणीस पदच्युत केलें. १८९८ सालीं हीं बेटें अमेरिकेनें आपल्या राज्यास जोडलीं. म्हणजे ज्या देशांत ड्यूक जन्मला, तो देश त्याला समज येण्यापूर्वींच नकाशावरून नाहींसा झाला होता. ही गोष्ट लक्षांत ठेविली म्हणजे पुढें त्याच्या विजयांनीं त्याच्या लोकांना एवढा आनंद कां झाला, हें कळून येईल.

त्याचें बालपण वाइकीकीच्या पुळणीवर, आईच्या माहेरच्या गोतावळ्यांत गेलें. पोहणें कसें शिकलांत, असें त्याला कोणी विचारलें तर तो सांगे कीं, बापानें आणि चुलत्यानें मला होडींतून उचलून समुद्रांत टाकलें. पोहणें किंवा बुडणें एवढेच दोन मार्ग होते. शाळेंत तो गेला, परंतु घरची ओढगस्त पाहून शिक्षण अर्धवट टाकून त्याला कमाईस लागावें लागलें. बंदरांत हमाली, वर्तमानपत्रें विकणें, अशीं मिळतील तीं कामें त्यानें केलीं, आणि उरलेला वेळ समुद्राला दिला.

१९०८ सालीं वाइकीकी येथें लाटस्वारीच्या पुनरुज्जीवनासाठीं एक क्लब स्थापन झाला. त्याचे सभासद मुख्यतः गोरे होते. ड्यूक व त्याचे मित्र एका झाडाखालीं जमत; त्यांनींहि 'हुइ नालु', म्हणजे लाटांची मंडळी, ह्या नांवाचा आपला संघ उभारला. त्यांत बहुतेक भरणा मूळच्या हवाईवासीयांचा होता. ह्या दोन संघांची चुरस लागली, आणि त्या चुरशींतून खेळाला नवा जोम आला.

११ ऑगस्ट १९११ रोजीं होनोलुलु बंदराच्या पाण्यांत पोहण्याच्या शर्यती झाल्या. इतर पोहणारे पाय सावकाश हालवीत. ड्यूकचे लांब, रुंद पाय मात्र वल्ह्यांप्रमाणें भराभर वरखालीं चालत. शंभर यार्डांचें अंतर त्यानें ५५.४ सेकंदांत तोडलें, आणि अशा शर्यतीचा पूर्वींचा विक्रम चार सेकंदांहून अधिक फरकानें मोडला. पांच कालमापकांचीं घड्याळें तपासलीं गेलीं, अंतर पुन्हां मोजलें गेलें. तरीहि अमेरिकेंतील क्रीडासंस्थेच्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. घड्याळें चुकलीं असतील, प्रवाहानें साह्य केलें असेल, असे आक्षेप निघाले, आणि विक्रम नोंदविण्याचें नाकारण्यांत आलें. ड्यूकनें वाद घातला नाहीं. होनोलुलूच्या लोकांनीं वर्गणी गोळा केली आणि त्याला अमेरिकेस पाठविलें. तेथें बंदिस्त हौदांतील थंड पाण्याची त्याला सवय नव्हती. प्रारंभीं एका शर्यतींत त्याच्या पायांत गोळे आले आणि त्याला मध्येंच बाहेर काढावें लागलें. परंतु तो थोड्याच दिवसांत सावरला, आणि ऑलिंपिक सामन्यांसाठीं त्याची निवड झाली.

१९१२ सालचे ते सामने स्वीडन देशांतील स्टॉकहोम येथें भरले होते. १०० मीटरांच्या शर्यतींत एक विलक्षण प्रसंग घडला. वेळेविषयीं गैरसमज झाल्यामुळें ड्यूक व त्याचे अमेरिकन सोबती उपान्त्य फेरीस हजरच राहिले नाहींत. नियमाप्रमाणें ते बाद झाले होते. अशा वेळीं ऑस्ट्रेलियाचा सेसिल हीली पुढें आला. ड्यूक बाद झाला असता तर सुवर्णपदकाची सर्वांत अधिक आशा ह्या हीलीलाच होती. पण जगांतील सर्वांत जलद पोहणारा मनुष्य शर्यतींत नसतां मिळालेला विजय हा विजय नव्हे, असें मानून त्यानें ड्यूकला संधि देण्याचा आग्रह धरिला. अमेरिकनांसाठीं वेगळी फेरी ठेविण्यांत आली. अंतिम शर्यतींत ड्यूक पहिला आला आणि हीली दुसरा. सांघिक शर्यतींत ड्यूकला रौप्यपदकहि मिळालें. हीली पुढें पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, फ्रान्समध्यें रणांगणावर पडला. त्याच्या नांवावर त्या शर्यतीचें रौप्यपदक आहे. परंतु जो तो वृत्तांत वाचील, त्याला त्या रुप्याचें मोल सोन्याहून कमी वाटणार नाहीं.

ह्या कीर्तीमुळें ड्यूकला ऑस्ट्रेलियाचें आमंत्रण आलें. १९१४ च्या अखेरीस तो सिडनीस पोहोंचला. तेथील लोक समुद्रांत पोहत, लाटांबरोबर अंग झोंकून देत; पण फळीवर उभा राहून येणारा कसबी स्वार त्यांनीं पाहिला नव्हता. ड्यूकजवळ फळी नव्हती. त्यानें सिडनींत पाइन जातीचें लांकूड मिळविलें, आणि त्यांतून सुमारें साडेआठ फूट लांबीची जड फळी तयार केली. फ्रेशवॉटर नांवाच्या पुळणीवर प्रथम डिसेंबरांत आणि नंतर १० जानेवारी १९१५ रोजीं त्यानें आपली कला दाखविली. ह्या दुसऱ्या वेळीं इसाबेल लेथम नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला त्यानें आपल्या फळीवर उभें केलें. लाटेच्या माथ्यावरून खालीं पाहतांच ती घाबरली. पण ड्यूकनें तिला सांवरून धरिलें, आणि दोघेंहि उभ्यानें किनाऱ्यास आलीं. पुढें तीच इसाबेल पोहण्याची शिक्षिका झाली. जातांना ड्यूकनें ती फळी तेथेंच ठेविली. ती फळी फ्रेशवॉटर येथें जतन केलेली आहे, आणि ऑस्ट्रेलियांतील लाटस्वारीच्या इतिहासांत तिचा मान मोठा आहे.

१९१६ चे ऑलिंपिक सामने महायुद्धामुळें झाले नाहींत, आणि ड्यूकच्या ऐन भरांतील वर्षें तशींच गेलीं. तथापि १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें, आपल्या तिसाव्या वाढदिवशीं, त्यानें १०० मीटरांची अंतिम शर्यत पुन्हां जिंकली. एका प्रतिस्पर्ध्यास अडथळा झाल्याची तक्रार आली, म्हणून शर्यत फिरून घेण्यांत आली. फिरूनहि तोच पहिला आला! सांघिक शर्यतींतहि सुवर्णपदक मिळालें. १९२४ सालीं पॅरिस येथें तरुण जॉनी वाइसमुलर ह्यानें त्याला मागें टाकिलें. ड्यूक दुसरा आला, आणि तिसरा आला तो त्याचाच धाकटा भाऊ सॅम. त्या वेळीं ड्यूकचें वय चौतिसाच्या घरांत होतें. अशा रीतीनें तीन सुवर्ण आणि दोन रौप्य अशीं पांच पदकें त्यानें मिळविलीं.

विजयी वीराच्या घरीं लक्ष्मी पाणी भरीत असेल, असें कोणास वाटेल. तसें मुळींच नव्हतें. त्या काळच्या नियमांप्रमाणें ऑलिंपिकमध्यें भाग घेणाऱ्यानें खेळापासून पैसा घेणें निषिद्ध होतें. एक दमडी घेतली तरी तो कायमचा बाद. शिक्षण अपुरें, अंगीं दुसरी विद्या नाहीं. त्यामुळें जगप्रसिद्ध असूनहि ड्यूकला पोटासाठीं धडपडावें लागलें. अमेरिकेंत कोठें कोठें त्याच्या सांवळ्या रंगामुळें त्याला उपाहारगृहांत अन्न नाकारण्यांत आलें. सिनेमांत त्याला लहान लहान भूमिका मिळत, त्याहि बहुधा दुसऱ्याच कोण्या जातीच्या सरदाराच्या किंवा सेवकाच्या. त्याची खरी कला कोणी विचारीत नसे. अशा अपमानांचा पाढा त्यानें कधीं वाचला नाहीं. तो मूळचाच मितभाषी होता.

परंतु पदकांहून मोठी अशी त्याची एक कमाई आहे. १४ जून १९२५ रोजीं कॅलिफोर्नियांतील कोरोना देल मार येथें तो आपल्या मित्रांसह पुळणीवर होता. समुद्र खवळलेला होता. मासे धरण्यास निघालेली थेल्मा नांवाची नौका बंदराच्या मुखाशीं प्रचंड लाटेखालीं सांपडून उलटली, आणि आंतील सर्व मंडळी पाण्यांत फेंकली गेली. किनाऱ्यावर लोक हाहाकार करीत उभे होते. कारण त्या फेंसांत होडी घालणें म्हणजे तीहि उलटविणें. ड्यूकनें आपली फळी उचलली आणि लाटांत उडी घेतली. होडींत पाणी भरतें, फळींत पाणी भरण्यास जागाच नसते. लाट तिच्यावरून गेली तरी ती पुन्हां वर येते, आणि थकलेल्या मनुष्याला तिच्यावर आडवें टाकून आणितां येतें. ड्यूक गेला, बुडत्यांना फळीवर घेऊन आला, पुन्हां गेला, पुन्हां आला. अशा रीतीनें त्यानें एकट्यानें आठ जणांस वांचविलें. त्याच्या सोबत्यांनीं आणखी चौघांस आणिलें. कित्येकांना मात्र समुद्रानें गिळलें. हें आपण कसें केलेंत, किती फेऱ्या मारिल्या, असें लोकांनीं विचारलें, तेव्हां आपणांस तें सांगतां येत नाहीं, काम झालें एवढें पुरे, अशा अर्थाचें त्याचें उत्तर होतें.

ह्या घटनेचा परिणाम दूरवर झाला. जी फळी तोंवर केवळ खेळण्याची वस्तु समजली जाई, ती प्राण वांचविण्याचें साधन होऊं शकते, हें किनारारक्षकांच्या ध्यानीं आलें, आणि अमेरिकेंतील किनाऱ्यांवर रक्षकांजवळ अशा फळ्या ठेवण्याचा प्रघात पडला. त्या दिवशींचे आठ प्राण आपण मोजूं शकतों. पण त्यानंतर त्या फळ्यांनीं किती माणसें घरीं परत पोहोंचविलीं, त्याची मोजदाद कोण करणार?

हवाईस परत आल्यावर ड्यूकनें कांहीं काळ पेट्रोलच्या दुकानावर मोटारींत पेट्रोल भरण्याचें काम केलें. ज्यानें राजेरजवाड्यांसमोर पदकें स्वीकारलीं, तोच मनुष्य हातांत नळी घेऊन उभा आहे, हें पाहून येणारे जाणारे चकित होत; पण प्रामाणिक श्रमाची लाज त्याला कधीं वाटली नाहीं. पुढें लोकांनीं त्याला होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून दिलें, आणि एकदां नव्हे, तर लागोपाठ तेरा वेळां! १९६१ पर्यंत तो त्या जागेवर होता. १९४० सालीं त्यानें नृत्यशिक्षिका नादीन अलेक्झांडर हिच्याशीं विवाह केला. समुद्र मात्र त्यानें सोडला नाहीं. १९३० च्या सुमारास प्राचीन सरदारांच्या ओलो फळीच्या धर्तीवर त्यानें १६ फूट लांबीची आणि ११४ पौंड, म्हणजे सव्वा मणाहून अधिक, वजनाची फळी करविली होती. ती नुसती उचलतांना आजचा तरुण दमेल. ड्यूक चाळिशींत तिच्यावर उभा राहून दूरच्या लाटा घेत असे.

१९५९ सालीं हवाई अमेरिकेच्या संघांतील पन्नासावें राज्य झालें. नव्या राज्यानें ड्यूकला पाहुण्यांच्या स्वागताचें काम सोंपविलें. हवाईच्या भाषेंत 'अलोहा' असा एक शब्द आहे. भेटतांनाहि तो म्हणतात, निरोप घेतांनाहि म्हणतात, आणि प्रीति, दया, सद्भाव हे सारे अर्थ त्यांत येतात. आपल्या 'रामराम' ह्या शब्दासारखाच तो दोहों प्रसंगीं चालतो. ड्यूक हा त्या शब्दाची मूर्तिमंत प्रतिमा आहे, असें लोक म्हणत. पोहणें आणि लाटस्वारी ह्या दोहोंच्या सन्मानमंदिरांत स्थान मिळविणारा तो पहिला मनुष्य ठरला. पहिला मान १९६५ सालीं आणि दुसरा १९६६ सालीं मिळाला. २२ जानेवारी १९६८ रोजीं, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षीं, हृदयविकारानें त्याचा अंत झाला. वाइकीकीच्या समुद्रांत होड्यांचा ताफा गेला, आणि ज्या पाण्यांत बापानें त्याला लहानपणीं टाकलें होतें, त्याच पाण्यांत त्याच्या अस्थि विसर्जिल्या गेल्या.

१९९० सालीं, त्याच्या जन्मशताब्दीस, वाइकीकीच्या पुळणीवर त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यांत आला. येणारे लोक त्या पुतळ्याच्या पसरलेल्या हातांवर फुलांच्या माळा घालतात. लाटस्वारीला ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळावें, ही त्याची जुनी इच्छा होती असें सांगतात. ती पुरी होण्यास फार काळ लागला. २०२१ सालीं जपानमध्यें झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रथम समाविष्ट झाला, आणि स्त्रियांचें पहिलें सुवर्णपदक कॅरिसा मूर हिनें पटकाविलें. ती होनोलुलूची कन्या असून मूळच्या हवाईवासीयांच्या वंशांतील आहे. ज्या जातीचा हा खेळ, त्या जातीच्या मुलीनेंच त्याचा पहिला मुकुट धारण केला.

विद्यार्थिमित्रांनो, ड्यूकचें चरित्र वाचून प्रत्येकानें फळी घेऊन समुद्रांत शिरावें, असें कोणी म्हणणार नाहीं. आपल्या किनाऱ्यावर, विशेषतः पावसाळ्यांत, तसें करणें वेडेपणाचेंच होईल. परंतु त्याच्यापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. त्याचा विक्रम अधिकाऱ्यांनीं नाकारला, तेव्हां त्यानें तोंडानें उत्तर दिलें नाहीं, पुढच्या शर्यतीनें दिलें. त्याला कीर्ति मिळाली, तेव्हां त्यानें ती आपल्या लोकांच्या लहानशा, हरवूं पाहणाऱ्या विद्येच्या कामीं लाविली. दारिद्र्य आलें, तेव्हां तो हलकें म्हणविणाऱ्या कामास लाजला नाहीं. आणि जेव्हां माणसें बुडत होतीं, तेव्हां त्यानें आपली खेळण्याची फळीच त्यांच्यापुढें केली. आपल्याहि घरोघरीं आजोबांच्या, पणजोबांच्या हातची एखादी विद्या आज निरुपयोगी म्हणून कोपऱ्यांत पडली असेल. कोणाकडे होडी बांधण्याची, कोणाकडे जाळें विणण्याची, कोणाकडे मल्लखांबाची. ती शिकून घेण्यास सुटीचे चार दिवस पुरेसे नाहींत हें खरें. पण प्रारंभ करावयास तेवढे पुरतात.